एका रेघेची दुरुस्ती

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात, खोली क्रमांक चारमध्ये, मला व्यसनी ठरवण्यात आले. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. डॉक्टरही सारखा तिकडेच पाहत होता.

आमचे जुने डॉक्टर डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत हा नवा आला आहे. माझ्या मुलाहून लहान. त्याचे नाव लिहून ही वही खराब करणार नाही. घड्याळवाला म्हटले तरी पुरे.

"किती वर्षं घेताय ही गोळी, आजी?"

"अकरा. आणि मी तुमची आजी नाही."

"रोज?"

"रोज एक. जेवणानंतर, साडेनऊला."

"एखाद्या दिवशी चुकली तर काय होतं?"

"चुकत नाही."

यावर तो हसला. चोर आपसूक कबूल झाल्यावर फौजदार हसतो तसा. "सवय लागलीय तुम्हाला. बंद करू या."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. संध्याकाळी चालायला जा, गरम दूध प्या."

मग काहीतरी खरडून फाइल माझ्याच हाती दिली, खिडकीवर जमा करायला. चौतीस वर्षे मी पाणीपुरवठा खात्याची रेकॉर्ड रूम सांभाळली आहे. हातात आलेली फाइल न वाचता पुढे सरकवणे मला येत नाही. जिन्यात उभी राहून वाचली. "औषधाचे व्यसन. गोळी बंद." लाल शाईत. खाली सहीसुद्धा नाही, नुसता एक फराटा.

अकरा वर्षांपूर्वी हे गेले. दोन महिन्यांनी, भर दुपारी, दोन रॅकांच्या मधल्या बोळात माझी छाती अशी धडधडायला लागली की मी फायलींना धरून खाली बसले. वाटले, आपलीही गाडी आली. जुने डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे बाई, भीती शिरलीय." ही पांढरी गोळी त्यांनी दिली. मी मागितली नव्हती.

घरी दोन उरल्या आहेत. त्या संपल्या की मागायची नाही. मागितली तर घड्याळवाला खरा ठरतो.

५ मार्च, गुरुवार

काल शेवटची घेतली. रिकामी स्ट्रिप नेहमीप्रमाणे डब्यात ठेवली.

डोळ्यांचे थेंब आणायला मेडिकलमध्ये गेले. दुकानवाली मला ओळखते. थेंब पिशवीत घालता घालता म्हणाली, "काकू, तुमची नेहमीची गोळी राहिली की या महिन्याची."

"बंद केली."

तिचा हात थांबला. "एकदम?"

"मग काय मुहूर्त पाहून?"

"तसं नाही हो. ही एकदम सोडायची नसते. अर्धी, मग पाव, असं महिनोन् महिने कमी करत जातात. शरीराला झेपत नाही एकदम. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा, मी लगेच देते."

मागे तीन गिऱ्हाइके उभी. त्यांच्या देखत मी चिठ्ठीसाठी दारोदार हिंडावे, असे हिचे म्हणणे. मी म्हटले, "तुला माल खपवायचा आहे, ते समजलं. थेंबांचे किती झाले ते सांग." तिने बिल पुढे सरकवले.

झोप लागली नाही. संताप आला की झोप येत नाहीच.

६ मार्च, शुक्रवार

हात थरथरतो आहे. रागाने. वरच्या ओळीतल्या वेलांट्या पाहून कॉन्व्हेंटातल्या हस्ताक्षराच्या सिस्टरांनी पट्टी उचलली असती. शेजारणीचा मिक्सर आज डोक्याच्या आत फिरत होता. ऊनसुद्धा टोचते आहे. एवढा राग मला निवृत्तीपूर्वीच्या लेखापरीक्षणातही आला नव्हता.

दुपारी वाईट झाले.

माझी नात शाळा सुटल्यावर माझ्याकडे येते आणि संध्याकाळी सहापर्यंत थांबते. साडेसहा वर्षांची आहे. मी तिला मुंगी म्हणते, कारण कधी पाहा, स्वतःपेक्षा मोठे काहीतरी ओढत चाललेली असते. तिला दूध देताना पातेले माझ्या हातातून सुटले. दूध उकळते नव्हते, पण गरम होते. तिच्या मनगटावर उडाले. ती रडली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली.

"आजी, तुझा हात नाचतोय."

सून सहाला आली. ती पॅकिंगच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर दोष शोधण्याचा तिला पगार मिळतो, माझ्या घरी तेच काम फुकट करते. मलम शोधायला तिने कपाट उघडले, खालचा खण ओढला आणि तिथले बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे काढले. त्यांत माझ्या रिकाम्या स्ट्रिपा. अकरा वर्षांच्या. एकेका वर्षाची एक जुडी, तिला रबर, रबराखाली वर्षाची चिठ्ठी. अकरा जुड्या पूर्ण, शिवाय सुरुवातीच्या आणि चालू वर्षाची एकेक अपुरी.

"आई, हे काय आहे?"

"हिशेब."

"रिकाम्या स्ट्रिपा कोण जपून ठेवतं?"

"ज्याला उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं असतं, तो ठेवतो."

तिने एक जुडी हातात घेऊन उलटीपालटी केली. बाटल्या सापडल्यावर दारुड्याच्या बायकोचा चेहरा होत असेल तसा तिचा झाला होता. मग मला सांगावेच लागले, घड्याळवाल्याचे, लाल शाईचे. वाटले होते, ऐकून ती भडकेल. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनीच लिहिलंय."

मुंगीचे दप्तर उचलले. "सोमवारपासून मी लवकर निघेन कामावरून. तुम्ही जरा आराम करा."

आराम म्हणजे काय ते मला कळते. चौतीस वर्षे सरकारी पत्रे वाचली आहेत.

८ मार्च, रविवार

मुलाचा फोन. "आई, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ या. मी येतो न्यायला."

"कशाला? गोळी मागायला?"

"अगं, तब्येत दाखवायला."

"तब्येतीला काय झालंय?"

"तिनं सांगितलं, तुझा हात..."

"तुझ्या बायकोला म्हणावं, माझा हात माझ्या खांद्याला आहे, तिच्या नाही."

 वडिलांवर गेला आहे. भांडणात नुसता श्वास घेतो. शेवटी म्हणाला, "मुंगी विचारतेय, आजीचा हात थांबला का."

मी फोन ठेवला.

दाराची बेल आज तीनदा वाजली. तिन्ही वेळा बाहेर कोणी नव्हते. वरच्या मजल्यावरची मुले फार टवाळ झाली आहेत.

९ मार्च, सोमवार

गोळीविना पाचवा दिवस. घाम, मळमळ, पायात गोळे. पण मागितलेली नाही. जिंकत आले आहे. पंधरवडा पुरा झाला की खोली क्रमांक चारमध्ये जाऊन समोर उभी राहीन आणि विचारीन, आता बोला.

घर दुपारभर गप्प होते. मुंगीची कंपासपेटी इथेच राहिली आहे.

बेल आज चारदा.

१३ मार्च, शुक्रवार. रुग्णालय, महिला वॉर्ड, खाट सात

दहा, अकरा आणि बारा तारीख माझ्याकडे नाही. मुलाने सांगितले ते लिहिते. ऐकीव आहे, तशीच नोंद करते.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी स्वयंपाकघरात पडले. झटका आला होता, फिट. जीभ चावली गेली आहे, डाव्या भुवईवर पाच टाके आहेत. सून माझ्या घराची किल्ली परत द्यायला आली होती. बेल वाजवली, मी दार उघडले नाही. परत करायला आणलेल्या किल्लीनेच तिने दार उघडले.

मुलगा म्हणाला, "ती अर्धा तास उशिरा आली असती तर..."

"वाक्य पुरं कर नाहीतर सुरू करू नकोस," मी म्हटले. जीभ जाड झाली आहे, नीट आले नाही.

वॉर्डातली डॉक्टर बाई पन्नाशीची आहे, केस पांढरे, रंगवत नाही. खाटेच्या कडेला बसली. घड्याळ हातात होते, पाहिले नाही.

"फिट कशानं आली, समजलं का तुम्हाला?"

"रागानं."

"रागानं फिट आली असती तर निम्मं शहर जमिनीवर दिसलं असतं. गोळी एकदम तोडल्यामुळे आली. अकरा वर्षं शरीर त्या गोळीच्या आधारानं उभं होतं. आधार झटक्यात काढला."

"म्हणजे मी व्यसनीच."

"असं कोण म्हणालं?"

सांगितले. तिने हातातले पेन खिशाला लावले. मग म्हणाली, "शरीराला एखाद्या औषधाची सवय होणं हे अवलंबित्व. दिल्याप्रमाणे घेतलं तरी ते होतं, कुणालाही होतं. व्यसन वेगळं. आवर राहत नाही, नुकसान दिसतं तरी माणूस त्याच्या मागे धावतो. मी तुम्हाला विचारते, तुम्ही मला सांगा. आपल्या मनानं कधी जास्त घेतली?"

"नाही."

"खोटं सांगून मिळवली?"

"बाई, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे."

"तिथल्याही बऱ्याच येतात माझ्याकडे," ती म्हणाली. "तिच्यासाठी घरदार, कामं सोडली?"

"उलट गोळी सोडण्यापायी नात दुरावली."

गोळी पुन्हा सुरू केली आहे. दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची. वर्षभर लागेल म्हणाली, घाई नाही. मी म्हटले, हे लेखी द्या. तिने दिले. सहीसकट, तारखेसकट. चांगल्या घरची दिसते.

मेडिकलवालीने हेच सांगितले होते, शब्दाला शब्द. हे लिहून ठेवते. आवडत नाही म्हणून गाळता येणार नाही.

१४ मार्च, शनिवार

घरी सोडले. हात बराच स्थिर आहे.

आल्या आल्या कपाट उघडले. खण रिकामा. दोन्ही डबे नाहीत.

माझ्या घराची किल्ली एकाच व्यक्तीकडे आहे. अकरा वर्षांचा माझा पुरावा, एकेका दिवसाचा, सुनेने कचऱ्यात टाकला. सासू शुद्धीवर नाही हे पाहून कपाट साफ केले. याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही. मुलाला सांगणार आहे की किल्ली मला आजच्या आज परत हवी.

१५ मार्च, रविवार

कालच्या नोंदीतली "माझ्या घराची किल्ली" पासून शेवटपर्यंतची वाक्ये मी आज एका रेघेने खोडली आहेत. खाली वाचता येतात. वाचता आलीच पाहिजेत.

सिस्टरांनी हेच शिकवले होते आणि मी रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षे कारकुनांच्या डोक्यात हेच भरले. चुकलेला शब्द खरवडायचा नाही, गिरगटायचा नाही, त्यावर पांढरे फासायचे नाही. एक सरळ रेघ. वर बरोबर शब्द. बाजूला सही, तारीख. चूक झाली होती हेही रेकॉर्डच असते.

सून सकाळी आली. दोन्ही डबे पिशवीत. टेबलावर ठेवले.

"दवाखान्यात विचारत होते, कोणती गोळी, किती ताकदीची, किती दिवस. तुम्ही बोलत नव्हता. मला नाव आठवेना. मग घरी येऊन हे घेऊन गेले."

"दोन्ही डबे?"

"मला काय माहीत कोणतं लागेल ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट आजवर पाहिला नाही. बरं झालं जपून ठेवलं म्हणाल्या."

मी एक डबा उघडून पाहिला. म्हटले, "रबरं बदलली आहेस."

"जुनी तुटली मोजताना."

"मोजल्यास?"

"दोन रात्री बाकावर बसून काय करणार होते? माझं कामच आहे ते."

"मग?"

ती पिशवीची घडी घालत राहिली. बारीक बारीक घडी. "मग काही नाही. तुम्हीही एकदा मोजा, आई."

किल्ली तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी आठला बसले, साडेअकराला उठले. दोनदा मोजले.

दहाची एक स्ट्रिप, रोज एक गोळी, वर्षाला छत्तीस नाहीतर सदतीस. अकरापैकी दहा पूर्ण जुड्यांत तेवढ्याच आहेत. पाचव्या पूर्ण जुडीत एकोणपन्नास.

ती जुडी इतर जुड्यांपेक्षा जाड आहे हे हाताला इतकी वर्षे जाणवले नसेल का? मला सांगता येत नाही.

ते माझे निवृत्तीचे वर्ष. एकतीस मेला निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, आणि साहेबांनी माझे नाव चुकीचे वाचले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या चार महिन्यांत मी दोन गोळ्या घेत होते. मला तो काळ फार सुखाचा गेल्याचे आठवत होते. लोकांना तसेच सांगत आले. आज आठवून पाहिले तर त्या चार महिन्यांतले काहीच आठवत नाही. एक दुपार नाही, एक भाजी नाही.

जादा गोळ्या कुठून आल्या? रबराखाली माझ्याच अक्षरातली छोटी चिठ्ठी आहे. "प्रवासासाठी जादा, डॉक्टरांना सांगून." चार तारखा. त्या वर्षी मी कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीपलीकडे कुठेही गेले नाही.

म्हणजे माझ्या हातून रेकॉर्डमध्ये खोटी नोंद झाली आहे. चौतीस वर्षांत एक नाही, आणि निवृत्त झाल्यावर चार.

ऑक्टोबरपासून पुन्हा एक. कोणी सांगितले म्हणून नाही. असते तर चिठ्ठी असती. आठ ऑक्टोबरला मुंगी झाली. सुनेचे टाके पिकले होते, आणि मूल रोज माझ्या मांडीवर असे. असे लागोपाठ घडले एवढेच नोंदवते.

डॉक्टर बाईंनी विचारले तेव्हा मी "नाही" म्हणाले होते. दुसऱ्या प्रश्नाला कॉन्व्हेंट पुढे केले होते.

१८ मार्च, बुधवार

दवाखान्याला पत्र लिहायचे. रात्री दोघे आले. मी सांगत गेले, सून टाइप करत गेली. "अवलंबित्व" तिने दोनदा चुकवले. मी बोलले नाही, बोटाने दाखवले.

जाड जुडीपर्यंत आल्यावर मुलगा म्हणाला, "हे कशाला घालतेस? आपल्या हातानं त्याला काठी देतेस."

"ते रेकॉर्डमध्ये आहे."

"तुझ्या कपाटातल्या रेकॉर्डमध्ये. त्याला कुठे माहितीय?"

"मला माहितीय."

"आई, तो म्हणेल, बघा, मी म्हणतच होतो."

"म्हणू दे. मग त्यानं हेही सांगावं की व्यसनी बाईची गोळी एका दिवसात तोडून तिला घरी पाठवायचं कुठल्या पुस्तकात लिहिलंय. व्यसनी असते तरी त्याची चूक तेवढीच राहते. माझी मला, त्याची त्याला."

तो सुनेकडे पाहू लागला. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "राहू दे तो परिच्छेद. माल पास करायचा तर दोष लपवून नाही करत."

अकरा वर्षांत या मुलीचे मला पटलेले हे पहिले वाक्य. तिला सांगितले नाही.

जाताना दारात म्हणाली, "सोमवारपासून मुंगी येईल. पण गॅसजवळ तुम्ही एकट्या नको, हात पूर्ण थांबेपर्यंत. दूध मी थर्मासमध्ये पाठवीन."

"अट लेखी दे."

तिने खरेच दिली. मी सही केली.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी साडेदहाला पत्र दवाखान्याच्या आवक खिडकीवर दिले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. खिडकीतला म्हणाला, "आजी, पोचलं म्हणजे पोचलं." मी म्हटले, "शिक्का." प्रत इथे उतरवते.

प्रमुख, सरकारी कर्मचारी दवाखाना, यांस,

तीन मार्च रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपल्या खोली क्रमांक चारमध्ये माझ्या फाइलवर "औषधाचे व्यसन" असे लिहून, अकरा वर्षे आपल्याच दवाखान्याने दिलेली गोळी एका दिवसात बंद करण्यात आली. तपासणी चार मिनिटे चालली. एकदम बंद केल्यास काय होते, हे मला सांगितले नाही. ते मला सात दिवसांनी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर कळले. रुग्णालयाचे कागद जोडले आहेत.

माझ्या बाजूची दुरुस्तीही जोडली आहे. निवृत्तीच्या वर्षी चार महिने मी रोज एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, आणि त्यासाठी आपल्या जुन्या डॉक्टरांना प्रवासाचे खोटे कारण दिले. त्यानंतर मीच ती पुन्हा एकावर आणली आणि आजवर वाढवलेली नाही. जुनी नोंद एका रेघेने खोडून, वर खरी लिहून, सही केली आहे. माझी चूक वाचता येते. आपलीही तशीच वाचता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून मागणी अशी. माझ्या फाइलवरचे पान फाडू नये, बदलू नये, त्यावर पांढरे फासू नये. "व्यसन" या शब्दावर एक सरळ रेघ मारावी. वर "दीर्घ उपचाराने आलेले अवलंबित्व" असे लिहावे. "गोळी बंद" यावरही रेघ मारून वर "टप्प्याटप्प्याने कमी करणे" असे लिहावे. ज्याने लिहिले त्यानेच हे करावे, आणि या वेळी फराटा नको, वाचता येईल अशी पूर्ण सही आणि तारीख हवी. तोंडी दिलगिरी, फोन, किंवा "आजी, या ना, बसून बोलू" हे उत्तर धरले जाणार नाही.

दुरुस्त पानाची प्रत आणि लेखी उत्तर एकतीस मार्च, मंगळवार, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडावे.